ओळ एकशे सत्तेचाळीस

रायबंदरच्या धक्क्यासमोर, दुसरा मजला.
खिडकीच्या गजांना खारा गंज,
स्क्रीनवर दिवाडीच्या फेरीबोटींची फाईल:
दोनशे बारा ओळी, दोन्ही काठांच्या मिळून,
प्रत्येकीच्या शेवटी एक रकाना. उशीर, शून्य.

धक्क्याचं काम निघालंय. महिनाभर
सगळ्या बोटी दहा मिनिटं उशिरा.
साहेब म्हणाले, जेवायच्या आधी करून टाक.
जेवायच्या कशाला?
चहा निवायच्या आधी.

आल्टची कळ दाबून माऊस सरळ खाली ओढला,
शून्यांच्या डाव्या अंगाने, वरपासून तळापर्यंत,
आणि एका कर्सरचे झाले दोनशे बारा.
बारीक उभ्या रेघा,
एकाच दमात दिसणाऱ्या, एकाच दमात विझणाऱ्या.

पंगतीत मीठ वाढणारा आठवला,
कमरेत वाकून, पान, पान, पान.
इथे मात्र हात एक,
आणि चिमूट पडते ती
सगळ्या पानांवर एकदम.

एक दाबला.
शून्य होतं तिथे दहा. तिथेही दहा. तिथेही.
मला अजून मजा वाटते याची,
नऊ वर्षं झाली तरी.

मग तपासत खाली उतरताना दाताखाली खडा आला:
ओळ एकशे सत्तेचाळीस. सतरा.

रात्रीची शेवटची बोट. तिथे मुळातच सात होते.
सातापुढे दोन तिरक्या रेघा, आणि
वैकुंठ खांडेपारकर नावाच्या कुणाचा मजकूर
(वेर्ण्याला गेला तो, माझ्याआधी दोन माणसं):
“सात मिनिटं. लिबेराता इस्पितळातून सुटून
धावत येते. ही ओळ हलवू नये.”

तसा हिशेब चुकला नव्हता.
सात आणि दहा सतराच, मशीनने हूं की चूं केलं नाही.
पण धक्क्याचं काम निघालं म्हणून
इस्पितळाचं घड्याळ थोडंच सरकतं?
आणि रात्री तर धक्क्यावर
कुदळ मारणारंही कुणी नसतं.

पूर्ववत. सगळी शून्यं गुमान जागेवर.
पुन्हा ओढलं,
आणि एकशे सत्तेचाळीसवर अलगद एक टिचकी.
तेवढाच कर्सर उठून गेला,
पानावर कुणी हात आडवा धरावा तसा:
पुरे. इथे नको.
दोनशे अकरा.

त्या रात्री उगाच थांबले शेवटच्या बोटीपर्यंत.
दोर हातात घेऊन उभ्या आग्नेलला विचारलं,
लिबेराता आली का?
“लिबेराता? ती गेली स्विंडनाक.
चार वर्सां जालीं.”

तरी बोट हलली नव्हती.
पाणी लोखंडाला चापट्या मारत राहिलं.
दोघे आले, हॉटेलची भांडी घासून बोटं सुरकुतलेले.
मागे सिलिंडर बांधलेली एक स्कूटर.
शिकवणीहून परतणारी एक पोर, बापाच्या खांद्यावर डोकं टाकून.
आणि कुणाचाच नसलेला एक कुत्रा,
तो तर आल्या आल्या
आपल्या ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन बसला.
आग्नेलने घड्याळ पाहिलं. सात.
मग दोर सोडला.

सकाळी फाईल उघडली.
एकच कर्सर, बाकी कुणी नाही.
वैकुंठच्या मजकुराला धक्का न लावता
खाली लिहिलं:
“लिबेराता आता येत नाही. सात राहू देत.”

रविवारची फाईल अजून पाहायचीय.
तिच्यात म्हणे त्याने वेळा
अक्षरांत लिहून ठेवल्यात:
सव्वानऊ, पावणेदहा,
आणि एका ठिकाणी नुसतंच
तिन्हीसांजा.